नेमोची मोजमापं

आमच्या रेवदंड्याच्या दर्याला परके प्रवासी नवे नाहीत. शेजारच्या चौलला पंधराव्या शतकात अफानासी निकितीन हा रशियन व्यापारी उतरला होता. पण आज बोलायचंय ते याच अरबी समुद्रातून पाण्याखालून गेलेल्या एका काल्पनिक पाहुण्याबद्दल, ज्यूल व्हर्नच्या कॅप्टन नेमोबद्दल.

खरं तर तो पाहुणा नव्हे, घरचाच. व्हर्नला नेमो पोलिश करायचा होता, रशियाच्या झारवर सूड उगवणारा. प्रकाशक एट्झेलने मोडता घातला, कारण रशियात पुस्तकं खपत होती! मग १८७५च्या ‘मिस्टीरियस आयलंड’मध्ये नेमो निघाला बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार, १८५७च्या उठावात सर्वस्व गमावलेला. धंद्याच्या धास्तीने आपल्याला असा नायक मिळवून दिला, याची मला मोठी गंमत वाटते.

नेमोच्या आधीच्या कादंबरीत मात्र हा राजपुत्र आपल्या पाणबुडीवरच्या कैद्याला स्वतःचं दुःख सांगत नाही, पाणबुडीची मापं सांगतो. लांबी ७० मीटर, रुंदी ८, वजन दीड हजार टन. व्हर्नची खरी करामत मला इथे दिसते. चंद्रावर जायलाही त्याने मंत्र वापरला नाही, तोफ वापरली. त्या धक्क्याने प्रवाशांचा चेंदामेंदा झाला असता, हे खरं. पण गोळ्याचा वेग त्याने सेकंदाला सुमारे ११ किलोमीटर धरला, आणि पृथ्वीची ओढ तोडायला साधारण तेवढाच लागतो.

त्याची ती चांद्रसफर विसाव्या शतकाच्या आरंभी ‘केरळ कोकिळ’ मासिकातून मराठीत आली. पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठी मुलांच्या हाती दिला, तोही असा की पोरांना तो परका वाटलाच नाही.

मराठीत विज्ञानकथा लिहिणाऱ्या खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांना व्हर्नचे थेट वारस म्हणायला मी कचरतो. कारण त्यांचे गुरू फ्रेड हॉईल स्वतःच विज्ञानकादंबऱ्या लिहीत. पण गोष्टीतलं गणित सुटता कामा नये, हा हट्ट तोच. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला १९७४ साली त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, तीही नाव लपवून. आद्याक्षरं उलटी करून ते झाले नारायण विनायक जगताप. पहिलं बक्षीस जगतापांनी पटकावलं.