कॅमेऱ्याची बॅटरी : भरण आणि राखण



अक्कलकुवा तालुक्यातील काठीची राजवाडी होळी आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. रात्रभर ढोल वाजतात, कमरेला भोपळे बांधलेले बुध्ये नाचतात आणि होळी पेटते ती पहाटे. काही वर्षांपूर्वी आम्ही डिजिटल कॅमेरा घेऊन तेथे गेलो. रात्रभर फ्लॅश उडवला, घेतलेली चित्रे पडद्यावर पुन्हा पुन्हा पाहिली, आणि नेमकी होळी पेटली तेव्हा बॅटरी संपली! जवळ दुसरी नव्हती असे नाही. पण ती घरीच हटून बसली होती. चार्जरचा दिवा नुसता लुकलुकत होता.

दोष आमच्याच शहाणपणाचा होता. ‘बॅटरी पूर्ण रिकामी करावी, मगच भरावी’ हा नियम आम्ही भक्तिभावाने पाळत असू. हा नियम जुन्या निकेल-कॅडमियम घटांचा. आजच्या कॅमेऱ्यात असतो तो लिथियम-आयन घट. तो 1991 साली बाजारात आला, आणि त्याच्या संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो यांना 2019 चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याला उपवास मानवत नाही. रिकामा करून वर्षभर कपाटात ठेवला, तर त्याचा दाब उतरत जातो, आतील तांब्याचा पत्रा विरघळू लागतो, आणि पुढे भरताना आतल्या आत शॉर्ट होण्याचे भय राहते. म्हणून त्याचे संरक्षक मंडळ भरणच नाकारते. आम्ही त्या नकारावर रागावलो होतो. वस्तुतः त्याने आमचे घर वाचवले असेल. अशा बॅटरीला दुसऱ्या कोणत्या तरी चार्जरने डिवचून जागे करणारे बहाद्दर आहेत. त्यांच्या नादी लागू नये. दीर्घकाळ ठेवायची तर निम्मी भरून, थंड जागी ठेवावी आणि काही महिन्यांनी पाहावी.

आता आपल्या नंदुरबारच्या उन्हाविषयी. कॅमेऱ्यांच्या पुस्तिकांत भरणाची मर्यादा पुष्कळदा 40 अंशांची दिलेली असते, आणि आपला मे महिना तर सावलीतच ती ओलांडतो! तेव्हा दुपारी भरू नये; रात्री उशिरा किंवा सकाळी, फरशीवर, डोळ्यांसमोर भरावी. गादीवर, उशीखाली तर मुळीच नको. सारंगखेड्याच्या यात्रेत कॅमेरा बंद मोटारीत ठेवला तर डिसेंबर असल्याने एक वेळ निभावेल. उन्हाळ्यात तसे करू नये. एक घट पूर्ण भरला की 4.2 व्होल्टवर थांबायला हवा. ते थांबवणे चार्जरचे काम. म्हणून चार पैसे वाचवणारा बेनामी चार्जर महागात पडतो.

सुटी बॅटरी खिशात किल्ल्या-नाण्यांबरोबर टाकू नये. टोकांवर झाकण हवे. विमानाने जाणाऱ्यांनी ती हातातल्या पिशवीत न्यावी, मोठ्या सामानात नाही. तोरणमाळच्या थंडीत मात्र ती आतल्या खिशात अंगाशी धरावी. गारठ्याने मंदावलेली बॅटरी ऊब मिळताच पुन्हा चालू लागते.

आमची ती हट्टी बॅटरी पुढे फुगली. फुगलेली बॅटरी टोचू नये, दाबू नये, घंटागाडीतही टाकू नये. 2022 च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. आम्ही तिच्या टोकांना चिकटपट्टी लावली, वाळूच्या डब्यात ठेवली आणि दुकानदाराकडे नेली. तो प्रथम ‘कचऱ्यात टाका’ म्हणाला. आम्ही तेथून हललो नाही, तेव्हा कुठे त्याने ती ठेवून घेतली.