मनोविकारतज्ज्ञ का मिळत नाहीत?
(वार्षिक सभेतील भाषण)



मनोविकार विभागास पूर्णवेळ डॉक्टर का मिळत नाही, असे गेल्या सभेत एका पालकांनी विचारले होते. ‘जाहिरात दिली आहे’, एवढेच उत्तर आम्ही दिले. ते खरे होते, पुरेसे नव्हते. जाहिरात तीनदा दिली, वेतनही वाढविले. तरी विभाग आजही आठवड्यातून दोन दिवस येणाऱ्या मानद डॉक्टरांवरच चालतो.

आम्ही वाणिज्य शाखेचे. टंचाई दिसली की पुरवठ्याच्या मुळाशी जाण्याची आम्हांस सवय. २०१४ साली एक पाहणी प्रसिद्ध झाली. २० देशांतील ४६ वैद्यकीय महाविद्यालयांत अखेरच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारणा झाली आणि २,१९८ जणांनी उत्तरे दिली. (उत्तर न देणारेच अधिक होते, हेही सांगावयास हवे.) ‘मनोविकारतज्ज्ञच होणार’ असे निश्चयाने म्हणणारे शेकडा साडेचार, ‘मुळीच नाही’ म्हणणारे पंचवीस. कोठे निश्चयी विद्यार्थी शेकडा एक, तर कोठे बारा. पाहणीकारांपैकी डॉ. दिनेश भुग्रा हे पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी. पुढे ते ब्रिटनच्या मनोविकारतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजचे अध्यक्ष झाले.

आम्हांस वाटले होते, कारण पैशाचे असेल. परंतु विद्यार्थ्यांचा कल या विभागातील प्रत्यक्ष अनुभव कसा होता, यावरही अवलंबून असल्याचे दिसले. ब्रिटनमध्येही या विषयाच्या प्रशिक्षणाच्या जागा रिकाम्या राहत. २०१७ मध्ये रॉयल कॉलेजने विद्यार्थ्यांसाठी मोहीम काढली आणि काही वर्षांतच जागा जवळजवळ पूर्ण भरू लागल्या. आपल्या देशात मात्र लाख लोकसंख्येमागे एकही मनोविकारतज्ज्ञ येत नाही.

आपल्याकडे येणाऱ्या आंतरवासी डॉक्टरांना या विषयासाठी दोन आठवडे मिळतात. तेवढ्यात ते काय पाहतात? प्रक्षुब्ध अवस्थेत आणलेला रुग्ण, रडणारी आई, इंजेक्शन. तोच मुलगा सहा महिन्यांनी वडिलांच्या दुकानात गल्ल्यावर बसू लागतो. ते पाहावयास तो विद्यार्थी येथे नसतो. हाडाचा डॉक्टर प्लॅस्टर काढल्यावरचा पाय विद्यार्थ्यास दाखवितो. आपण असे काही दाखविलेच नाही, ही चूक आमची.

म्हणून येत्या वर्षी प्रत्येक आंतरवासी डॉक्टराची सुधारलेल्या दोन रुग्णांशी व त्यांच्या घरच्यांशी भेट घडवावी, असे योजिले आहे. मानद डॉक्टरांच्या शिकविण्याच्या वेळेचे मानधन देणगी निधीतून देण्यास विश्वस्तांची अनुमती हवी आहे. एकही पद यामुळे लगेच भरणार नाही, हे देणगीदारांनी ध्यानी घ्यावे.

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ नुसार रुग्णाची माहिती गोपनीय राहते. तेव्हा लेखी संमतीवाचून कोणासही बोलाविले जाणार नाही. संमतीपत्रे वैद्यकीय समाजसेवा अधीक्षकांच्या कक्षात ठेवली आहेत. नकार देणाऱ्यांच्या उपचारांत यत्किंचितही फरक पडणार नाही.