नगराच्या वास्तू आणि विजेचा हिशेब



बालाघाट जिल्ह्यातील मलाजखंड म्हटले की प्रथम आठवते ती तांब्याची खाण. हिंदुस्थान कॉपर या सरकारी कंपनीची ही खाण १९८२ साली राष्ट्राला अर्पण झाली आणि देशातील सर्वांत मोठ्या तांब्याच्या खाणींत तिची गणना होते. विजेची तार, पंख्यातील गुंडाळी, पंपाची मोटर, ट्रान्सफॉर्मर, या सर्वांना तांबे लागते. मोटरीच्या गुंडाळीत तांबे पुरेसे असले की ती कमी तापते आणि वीज कमी वाया घालविते. विजेची काटकसर ज्या धातूच्या बळावर साधते तो धातू जेथे निघतो, तेथील नगरपालिकेच्या शाळा, दवाखाने आणि कचेऱ्या कोणत्या नियमाने बांधल्या जाव्यात, याचा विचार आज करावयाचा आहे. हा प्रश्न एकट्या मलाजखंडाचा नव्हे. गोंदिया, तिरोडा, तुमसर या शेजारच्या गावांचाही तोच आहे.

कायदा नाही असे कोणी म्हणू नये. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ साली झाला. त्याखाली २००७ साली इमारतींची ऊर्जा संहिता आली आणि २०१७ साली ती सुधारण्यात आली. भिंती, छप्पर व खिडक्या, गारव्याची साधने, दिवे आणि विजेची जोडणी यांचे किमान प्रमाण ती ठरवून देते. परंतु ती लागू होते १०० किलोवॅट जोडभाराच्या किंवा १२० केव्हीए करार मागणीच्या वरील इमारतींना. लहान नगरातील शाळेचा किंवा दवाखान्याचा भार तेवढा कोठून असणार? म्हणजे महानगरातील काचेचे मनोरे कायद्याच्या कक्षेत येतात आणि लहान गावच्या सार्वजनिक इमारती बहुधा तिच्या बाहेर राहतात. २०२२ च्या दुरुस्तीने ही मर्यादा खाली आणण्याची मुभा राज्य सरकारांना दिली आहे. पण स्वतःच्या घरासाठी नियम करण्यास नगरपालिकेने वरच्या आदेशाची वाट का पाहावी?

अमेरिकेतील सिअ‍ॅटल नगराने वाट पाहिली नाही. नगराच्या पैशातून बांधली जाणारी ५,००० चौरस फुटांवरील प्रत्येक इमारत ठराविक हरित दर्जाची असावी, असे धोरण त्या नगराने २००० सालीच स्वीकारले. आपल्याकडे दिल्लीत २०१४ साली इंदिरा पर्यावरण भवन उभे राहिले. वर्षभरात लागेल तेवढी वीज छतावरील सौर पट्ट्यांनीच द्यावी, अशी त्या सरकारी कचेरीची योजना आहे. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेने हरित मानांकनाच्या इमारतींना करात सवलत देऊ केली, हेही स्तुत्यच. परंतु नागरिकांना उपदेश करणाऱ्या संस्थेने आरंभ आपल्या उंबरठ्यापासून करावा. नाही तर लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, अशी गत व्हावयाची.

हे सारे खर्चाचे आहे, लहान गावाला झेपणारे नाही, असा आक्षेप कोणी घेईल. तो तपासून पाहू. एखाद्या कचेरीत २० पंखे आहेत असे धरा. जुना पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो. नव्या धर्तीचा पंखा ३० वॅटच्या आसपास. रोज ८ तास आणि वर्षाचे २५० दिवस धरले, तर केवळ पंख्यांतच १,८०० युनिटांचा फरक पडतो. ६० वॅटच्या जुन्या दिव्याचे काम ९ वॅटचा एलईडी दिवा करतो. आणि पाणीपुरवठ्याचे पंप तर रात्रंदिवस वीज खातात. तेथे मोटर चांगली नसेल, तर कराचा पैसा पाण्याबरोबर नळातून वाहून जातो.

मग हे होत का नाही? कारण बांधकामाचा खर्च एका खात्यात पडतो आणि विजेचे बिल दुसऱ्या खात्यात. निविदा उघडताना पंपाची किंमत पाहिली जाते. तो पुढील १५ वर्षांत किती वीज घेईल, हे कोणी विचारीत नाही. स्वस्त म्हणून आणलेली वस्तू अशी महाग पडते.

बांधणीचे शहाणपण आपल्याला परके नाही. या भागातील जुन्या घरांच्या जाड मातीच्या भिंती, उतरते कवेलूंचे छप्पर, पुढची ओसरी आणि अंगणातला कडुनिंब ही वैशाखातील उन्हाला दिलेली उत्तरेच होती. आपण सपाट सिमेंटचे छत घातले, पश्चिमेला मोठ्या खिडक्या काढल्या आणि उकडते म्हणून यंत्रे लावली. छताला पांढरा लेप, पश्चिमेच्या खिडकीवर पुढे आलेला सज्जा आणि समोरासमोर वायुवीजन, एवढ्याने निम्मी तक्रार दूर होईल. यासाठी परदेशी तज्ज्ञ लागत नाही.

म्हणून नगरपालिकेने एक साधा ठराव करावा. नवी इमारत लहान असली तरी संहितेच्या तत्त्वांनीच बांधली जाईल; खरेदीत किमतीबरोबर आयुष्यभराच्या विजेचा हिशेब धरला जाईल; आणि प्रत्येक सार्वजनिक इमारतीने वर्षात किती युनिटे वापरली, याचा फलक तिच्या दारावर लागेल. यांतील तिसरे कलम मी सर्वांत महत्त्वाचे मानतो. आकडा लोकांच्या डोळ्यांसमोर राहिला की ठराव कागदावर झोपी जात नाही. वाचलेल्या पैशातून दवाखान्यात औषधे येतील, शाळेत पुस्तके येतील. खाणीतील तांबे एके दिवशी संपावयाचे आहे. काटकसरीची सवय मात्र गावाला लागली की पिढ्यान्‌पिढ्या पुरते.