लिफ्टमधल्या शेजाऱ्याचं भलं
अबू धाबीत अल रीम आयलंडवरच्या उंच इमारतींत लिफ्टमधले चेहरे पाठ होतात, नावं मात्र कळत नाहीत. मैत्री ध्यानासाठी, म्हणजे मनोमन सगळ्यांचं भलं चिंतण्यासाठी, असा चेहरा उत्तम! पाच मिनिटं डोळे मिटून बसा. आधी स्वतःसाठी, मग घरच्यांसाठी, मग त्या अनोळखी शेजाऱ्यासाठी मनात म्हणा: सुखी राहो, निर्धास्त राहो. खडूस साहेबाचा नंबर शेवटी. तिथं घाई नको. इगतपुरीच्या धम्मगिरीवर दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात हेच ध्यान ‘मंगल मैत्री’ म्हणून शिकवतात ते थेट दहाव्या दिवशी, शिबिरार्थींचं मौन सुटतं तेव्हा. मानसशास्त्रज्ञ बार्बरा फ्रेडरिकसन यांच्या २००८ च्या अभ्यासात असा सराव करणाऱ्या नोकरदारांच्या रोजच्या आनंदी भावना वाढल्या, पण हळूहळू, काही आठवड्यांनी. ध्यानात जुनं दुःख उफाळलं तर थांबा; उदासी हटतच नसेल तर सरळ डॉक्टरांना गाठा.