ओल जमिनीतून की हवेतून?

पाऊस लागला की आमच्या आरमोरीत घरोघरी एकच तक्रार असते, भिंतीला ओल आली. मग कोणीतरी सांगतं, सिमेंटचा गिलावा मारून टाका. माझं म्हणणं एवढंच, की आधी ओल कुठून येते ते शोधा. मी सॉफ्टवेअरवाला, बग सापडल्याशिवाय आम्ही कोडला हात लावत नाही.

ओलीचे रस्ते मुख्यतः दोन. एक जमिनीतून. इकडे वैनगंगा, तिकडे पाण्याने भरलेल्या धानाच्या बांध्या, म्हणजे जमीन चिंब. माती आणि वीट ते पाणी दिव्याच्या वातीसारखं वर ओढतात. दुसरा रस्ता हवेतून. बाहेर ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल, तर २६ अंशांच्या फरशीवर त्याच हवेतलं पाणी सुटतं. फरशी घामेजते ती अशी.

ओळखायचं कसं? फूटभर प्लास्टिक फरशीला किंवा भिंतीला चारही कडांनी चिकटपट्टीने पक्कं लावा. दोन दिवसांनी बघा. पाणी प्लास्टिकच्या मागे असेल तर ओल आतून येतेय, खोलीच्या बाजूने असेल तर हवेतून.

हवेतली ओल असेल, तर दमट दिवशी सगळ्या खिडक्या उघडून उपयोग नाही. अमेरिकेत बऱ्याच घरांखाली रांगत जाण्याएवढी पोकळी असते, क्रॉलस्पेस म्हणतात तिला. हवा खेळावी म्हणून तिला झरोके ठेवायचे. दमट उन्हाळ्यात त्याच झरोक्यांतून ओल आत येते हे कळल्यावर आता बरेच जण झरोके बंद करून मातीवर प्लास्टिक अंथरतात. आपणही ऊन पडून हवा कोरडी झाली की खिडक्या उघडायच्या, ओले कपडे घरात वाळवायचे नाहीत, धानाची पोती फळ्यांवर आणि भिंतीपासून हातभर लांब ठेवायची.

जमिनीतली ओल असेल तर काम घराबाहेर आहे. पागोळ्यांचं पाणी जोत्याशी साचू देऊ नका. जमिनीचा उतार घरापासून दूर, दहा फुटांत अर्धा फूट तरी हवा.

आणि मातीच्या भिंतीला सिमेंट नको. आतलं पाणी सुकायला वाटच राहत नाही. वरून भिंत ठणठणीत दिसते, आत बुडाची माती मऊ होत जाते. माझी आजी मातीच्याच घरात राहते. तिच्या खाटेमागच्या भिंतीला सिमेंट लावायचं ठरत होतं. त्याऐवजी आम्ही चर खोदला, फुटके कवेलू बदलले, उन्हाळाभर भिंत सुकू दिली आणि मग माती-शेण-भुशाने लिंपली. खर्च कवेलूंचा तेवढा आला. आता आजी रोज सकाळी भिंतीला हात लावून बघते, आणि मला फोनवर रिपोर्ट देते!

एक गोष्ट मात्र आजच करा. भिंतीच्या बुडाला पेचकस टोचून बघा. तो सहज आत गेला, किंवा भिंतीला पोट आलेलं दिसलं, तर ओलीचं नंतर बघू. आधी खाट तिथून हलवा आणि गवंड्याला बोलवा. मातीची भिंत पडते तेव्हा बऱ्याचदा रात्र असते, आणि माणसं झोपलेली असतात.

भेटू पुढच्या भागात.