आई-बाबा सहा महिने अमेरिकेला: इन्शुरन्स घेताना काय बघायचं?

ताई किंवा दादा अमेरिकेत, आणि आई-बाबा पहिल्यांदाच सहा महिन्यांसाठी तिकडे निघालेत. व्हिसा झाला, महागडी तिकिटं झाली, मेतकूट-भाजणी बॅगेत गेली. उरला इन्शुरन्स. तो घरातल्या मोबाईलवाल्या मेंबरवर ढकलला जातो. आमच्याकडे तो मेंबर मी होते.

युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय कव्हर दाखवावंच लागतं. अमेरिकेच्या टुरिस्ट व्हिसाला अशी अट नाही. म्हणून घरात प्रश्न येतोच, "कशाला हवाय?" तिथल्या १९८६ च्या कायद्यामुळे हॉस्पिटलची इमर्जन्सी रूम पैसे नाहीत म्हणून पेशंटला तसंच परत पाठवू शकत नाही, हे खरं. पण तब्येत स्थिर केल्यावर बिल येतंच. ते डॉलरमध्ये असतं, आणि आपली पेन्शन रुपयांत.

आता अ‍ॅप उघडलं की मोठा आकडा दिसतो. पन्नास हजार डॉलर, एक लाख, पाच लाख! माझं म्हणणं एवढंच, की तो आकडा शेवटी बघा. आधी पॉलिसी वर्डिंगची पीडीएफ उघडा आणि तीन गोष्टी शोधा.

पहिली, जुने आजार. बीपी, शुगर आधीपासून असेल तर बऱ्याच पॉलिसी त्यातून उद्भवलेला खर्च देत नाहीत, किंवा जिवावर बेतलं तरच, तेही ठरावीक रकमेपर्यंत देतात. नेहमीच्या गोळ्या आणि रुटीन तपासणी सहसा कशातच नसते. त्यामुळे औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठी इथूनच न्यायची.

दुसरी, आतल्या मर्यादा. वय साठच्या पुढे असेल तर काही पॉलिसींमध्ये खोलीचं भाडं, आयसीयू, सर्जनची फी अशा प्रत्येक खर्चाला वेगळी मर्यादा असते. वर एक लाख डॉलर लिहिलेले असतात, पण एका ऑपरेशनला त्यातले थोडेसेच मिळतात. अमेरिकन कंपन्यांच्या ‘फिक्स्ड’ प्लॅनचंही असंच आहे. ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ महाग असतो, पण बिलाचा मोठा वाटा उचलतो.

तिसरी, डिडक्टिबल. म्हणजे सुरुवातीची जी रक्कम आपल्या खिशातून जाते ती. ती दर क्लेमला कापतात की पूर्ण ट्रिपला एकदाच, हे नक्की बघा.

आमच्या घरी खरा वाद झाला तो फॉर्म भरताना. बाबा म्हणाले, "शुगर कशाला लिहितेस? गोळीवर कंट्रोलमध्ये आहे. उगाच प्रीमियम वाढेल." मी म्हटलं, "बाबा, तिथे अ‍ॅडमिट झालात तर डॉक्टर पहिलं हेच विचारणार, आणि ते केस पेपरवर येणार. मग कंपनी म्हणेल, फॉर्मवर लपवलंत, क्लेम नाही." बाबा दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच फाईल आणून दिली. प्रीमियम वाढला. शुगर मात्र फॉर्मवर आहे.

भारतीय पॉलिसी घ्यायची की अमेरिकन? भारतीय पॉलिसी साधारणपणे निघण्याआधीच घ्यावी लागते. कंपनीशी वाद झाला तर विमा लोकपालाकडे दाद मागता येते, त्यांची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यातही आहेत. अमेरिकन पॉलिसीला ही सोय नाही. पण तिथल्या हॉस्पिटलांचं नेटवर्क तिच्याकडे असतं, त्यामुळे बिल थेट कंपनीकडे जाण्याची शक्यता जास्त. ताईच्या घराजवळचं हॉस्पिटल नेटवर्कमध्ये आहे का, हे ताईलाच बघायला सांगा.

मुक्काम लांबण्याची शक्यता असेल तर मुदत वाढवता येते का, हेही आधीच विचारा. आणि ‘ट्रिप कॅन्सलेशन’ म्हणजे कुठल्याही कारणाने तिकिटाचे पैसे परत, असं नाही. पॉलिसीत छापलेली कारणंच चालतात.

शेवटचं काम. पॉलिसी नंबर आणि चोवीस तासांचा हेल्पलाईन नंबर फॅमिली ग्रुपवर पिन करा. आणि मोठ्या अक्षरात कागदावर लिहून आईच्या पर्समध्ये ठेवा. अडचणीच्या वेळी फोनची बॅटरी संपलेली असू शकते, पर्स मात्र आईच्या हातातच असते.

तुमच्या पॉलिसीतली एखादी ओळ कळत नसेल तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात घेऊया. आई-बाबांना हॅपी जर्नी सांगा!