पोटाचे ऑपरेशन आणि बिलातील आकडे



वसंत व्याख्यानमाला म्हटली की संतवाङ्मय, इतिहास, राजकारण असे विषय आपण अपेक्षितो. त्यांच्या पंक्तीला रुग्णालयाचे बिल येऊन बसावे याचे कित्येकांना नवल वाटेल. परंतु ज्या घरावर पोटाच्या ऑपरेशनचा प्रसंग ओढवला आहे, त्या घरी हा विषय कोरडा वाटत नाही. आम्ही डॉक्टर नव्हे. रुग्णालयातील कागदपत्रे आणि हिशेब यांच्याशी मात्र आमचा बरीच वर्षे संबंध आला. त्यातून जे कळले ते आपणांपुढे ठेवतो.

आरंभी एक घडलेली हकीगत सांगतो. आमच्या नात्यातील एका शेतकऱ्याच्या पोटात मध्यरात्री एकाएकी असह्य कळ आली. पोट फळीसारखे कडक झाले. मंडळींनी त्याला गाडीत घालून एका रुग्णालयात नेले. त्या रुग्णालयाचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही. तेथे क्ष-किरण चित्र काढले, जठराला भोक पडल्याचे निष्पन्न झाले, आणि पहाटे ऑपरेशन होऊन जीव वाचला. डॉक्टरांनी आपले काम चोख बजावले. घोटाळा झाला तो कागदावर. भरती करताना केसपेपरवर 'पोटदुखी' एवढाच शब्द पडला होता, आणि सरकारी योजनेच्या मंजुरीसाठी तोच शब्द पुढे गेला. पोटदुखीला ऑपरेशनचा खर्च मंजूर कसा व्हावा? वरून शंका आली, मंजुरी अडली, आणि घरच्यांना रोख पैसे भरण्यास सांगण्यात आले. त्यांनी दुभती म्हैस विकली. आम्ही पोहोचलो ते चौथ्या दिवशी. केसपेपर वाचला, तेव्हा सर्व पुरावा त्यातच होता. श्वासपटलाखाली हवा दाखविणारे क्ष-किरण चित्र होते, भोक शिवल्याची ऑपरेशनची नोंद होती. ती कागदपत्रे जोडून रोगाचे नाव दुरुस्त केले, तेव्हा मंजुरी मिळाली. पुढे यथावकाश पैसेही परत आले. म्हैस मात्र परत आली नाही.

आता, एका शब्दाने एवढा अनर्थ का व्हावा? याचे कारण असे की रुग्णालयातून बाहेर जाणारा प्रत्येक रोग आणि प्रत्येक ऑपरेशन आकड्यांत लिहिले जाते. यालाच 'कोड' म्हणतात. ही कल्पना नवी नाही. लंडनच्या मृत्यूंच्या याद्या तपासून जॉन ग्राँट याने १६६२ साली ग्रंथ लिहिला. १८९३ साली फ्रान्सच्या बर्तियों याने मृत्यूच्या कारणांचे वर्गीकरण मांडले, आणि ते अनेक देशांनी उचलले. १९४८ साली जागतिक आरोग्य संघटनेने ते काम आपल्याकडे घेऊन त्यात केवळ मृत्यूच नव्हे तर आजारही घातले. दहावी आवृत्ती १९९० साली संमत झाली, आणि अकरावी १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली.

दहाव्या आवृत्तीत जठराच्या अल्सरचा कोड 'के २५' आहे, जठरापुढील लहान आतड्याच्या पहिल्या भागातील अल्सरचा 'के २६', जठराच्या कर्करोगाचा 'सी १६', आणि नुसत्या पोटदुखीचा 'आर १०'. पुढे टिंब देऊन आणखी एक अंक येतो. 'के २५.१' म्हणजे तीव्र अल्सर होऊन जठराला भोक पडले, 'के २५.९' म्हणजे अल्सर आहे, पण रक्तस्राव नाही आणि भोकही नाही. टिंबापुढचा एक अंक बदलला की तातडीचे ऑपरेशन न्याय्य ठरते किंवा ठरत नाही.

रोगाला जसा कोड, तसाच ऑपरेशनलाही असतो. भोक शिवणे हे एक ऑपरेशन, जठराचा भाग कापून काढणे हे दुसरे. कापलेले जठर आतड्याच्या कोणत्या भागाला जोडले, यावरही प्रकार बदलतो. जठराचा रोगट भाग कापून रोगी जगविण्याचे काम व्हिएन्नाच्या बिलरोथ याने १८८१ साली प्रथम यशस्वी केले. त्या जोडणीच्या दोन पद्धती आजही त्याच्या नावाने ओळखल्या जातात. अमेरिकेत १९६६ पासून निघालेल्या कोडांच्या पुस्तकात या प्रत्येक जोडणीला निराळा आकडा आहे. म्हणून सर्जनने आपल्या नोंदीत 'जठराचे ऑपरेशन केले' एवढेच लिहून चालत नाही. काय कापले, किती कापले, कोठे जोडले, हे लिहावे लागते. जे लिहिले नाही ते बिलात घालता येत नाही.

आपल्याकडील व्यवस्था थोडी वेगळी आहे. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. सोलापूर त्या आठांत होता. आपला जिल्हा, तेव्हाचा उस्मानाबाद, नोव्हेंबर २०१३ मध्ये सामील झाला. २०१७ साली योजनेला महात्मा जोतीराव फुले यांचे नाव देण्यात आले. पिवळ्या व केशरी शिधापत्रिकांबरोबर, शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या चौदा जिल्ह्यांतील शुभ्र शिधापत्रिकेच्या शेतकऱ्यांनाही तिचा लाभ मिळाला, आणि त्या चौदांत आपला जिल्हा होता. २०२४ पासून सर्व शिधापत्रिकाधारक तीत आले, व एका कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांची मर्यादा झाली.

या योजनेत प्रत्येक ऑपरेशनला एक कोड आणि त्या कोडाला एक ठरलेली रक्कम असते. हेच 'पॅकेज'. खाट, सर्जन, भूल, रक्त, औषधे, तपासण्या, रुग्णाचे जेवण, इतकेच काय, घरी परतण्याचे एस.टी.चे भाडेही त्यात धरलेले असते. त्यासाठी रुग्णाकडून निराळे पैसे घ्यावयाचे नसतात. आणीबाणीच्या प्रसंगी फोनवरून मंजुरी घेण्याची सोय आहे. कागद मागाहून देता येतात. आमच्या नातलगांना एवढे ठाऊक असते तर गोठा रिकामा झाला नसता.

चूक उलट दिशेनेही होते, हे सांगितले पाहिजे. शिवले नुसते भोक, आणि कागदावर दाखविले जठर कापल्याचे, तर पैसे सरकारचे गेले म्हणून आपण स्वस्थ बसू नये. त्या कुटुंबाची वर्षाची मर्यादा तेवढी खर्ची पडते. शिवाय पुढे दुसऱ्या डॉक्टरपुढे तो रुग्ण गेला, तर त्याच्या पोटात नाही ते कापल्याची नोंद उभी राहते.

आणि कोड म्हणजे नुसता पैशाचा हिशेब नव्हे. आपल्या शेजारी बार्शी येथे १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी आणि परंडा यांच्याबरोबर आपल्या भूम तालुक्यातील गावेही तिच्या क्षेत्रात आली. कोणत्या गावी, कोणत्या अवयवाचा कर्करोग, हे तेव्हापासून कोडांत नोंदले जात आहे. खेड्यातील माणसाला कोणता रोग होतो हे देशाला कळावे, यात या तालुक्याचा वाटा आहे. नोंद खोटी झाली तर बिल चुकते, आणि त्याबरोबर हे ज्ञानही नासते.

आता आपण म्हणाल, हे आकडे आम्हां शेतकऱ्यांना कसे समजावेत? आमचे उत्तर असे की, याहून अवघड आकडे आपण रोज समजून घेता. भूम हा दुधाचा आणि खव्याचा मुलूख. दूध घालताना 'फॅट' किती लागली, हे आपण यंत्राजवळ उभे राहून पाहता, पावती मागता, आणि आकडा कमी वाटला तर भांडता. दूध तेच, पण आकडा चुकला की दर चुकतो, हे आपणांस कोणी शिकवावे लागले नाही. तीच नजर रुग्णालयाच्या कागदावर ठेवा.

रुग्णालयात पाऊल ठेवताच आरोग्यमित्र कोठे बसतात ते विचारा, आणि शिधापत्रिका व आधार दाखवा. रोगाचे नाव काय लिहिले, हे डॉक्टरांना नम्रपणे विचारा. तपासणीनंतर निदान बदलले असेल तर कागदही बदलला का, तेही विचारा. कोणत्या पॅकेजाला मंजुरी मिळाली ते जाणून घ्या. पैसे मागितले तर कशासाठी ते विचारून पावती घ्या. घरी जाताना डिस्चार्ज कार्ड वाचून घ्या, आणि ते पेटीत जपून ठेवा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या घरी शाळेत जाणारे मूल असतेच. त्याने आजोबांचे कार्ड वाचून दाखवावे.

डॉक्टरांविषयी अविश्वास पसरविण्याचा आमचा हेतू नाही. रात्री-अपरात्री जीव वाचविणारा सर्जन थकलेला असतो, आणि घाईत एखादा शब्द राहून जातो. तो राहू नये म्हणून विचारणारे कोणी तरी जवळ असावे, इतकेच आमचे म्हणणे आहे.